एकदाच वाजणारी रिंग

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान झालेले प्रमुख पाहुणे, आपल्या छापखान्याचे मालक, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती भाऊ, आणि खळीत हात बरबटून घेण्यात आयुष्य गेलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

भाऊंबद्दल चार शब्द बोलायची आज्ञा मला झाली आहे. बाइंडिंगमध्ये त्यांच्या शेजारच्या टेबलावर माझी सगळी नोकरी गेली, म्हणून असेल. पुस्तकाची शिलाई मी त्यांच्याकडून शिकले. पण छापखान्यात त्यांचं नाव झालं ते वेगळ्याच विद्येमुळे. आपण त्यांना ‘टेलिफोन एक्स्चेंज’ म्हणतो ते काय उगाच?

भाऊंना आईच्या जागी एक थोरली बहीण. लग्न करून ताई सातासमुद्रापार गेल्या. तेव्हा तिकडे फोन लावायचा म्हणजे बोलण्याआधीच घाम फुटायचा. बूथमधल्या मीटरवर आकडे पळतायत आणि ताई विचारतायत, “पाऊस पडतोय का रे तिकडे?” भाऊ म्हणायचे, “पावसाचं मी पत्रात कळवतो, तू तुझं बोल.”

मग माणूस स्वस्त वाट शोधायला लागला. रात्रीचा दर झाला. खरवडायचं कार्ड झालं. त्यातले अर्धे पैसे तर सूचना सांगणारी बाईच खायची. कॉम्प्युटरवरून बोलून पाहिलं, तर विहिरीत ओरडल्यासारखा आपलाच आवाज परत यायचा. शेवटी भाऊंना फुकटची युक्ती सापडली. सकाळी इकडून एक रिंग द्यायची आणि कापायची: मी बरा आहे. तिकडून एक रिंग: मीही बरी आहे. उचलायचं कुणीच नाही.

ही युक्ती आपण सगळ्यांनी उचलली. हसू नका, अर्ध्या छापखान्याचे संसार न उचललेल्या फोनवर चालले. मालकसाहेब, तुम्ही एकदा तातडीच्या कामासाठी फोन केलात, तर भाऊंनी तो उचललाच नाही, शांतपणे म्हणाले, “साहेब बरे आहेत.”

पुढे फोन स्वस्त झाले, मग जवळजवळ फुकट झाले, चेहरासुद्धा दिसायला लागला. भाऊंनी नवा फोन घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत आम्हा सगळ्यांसमोर ताईंना लावला. ताई दिसल्या. केस पांढरे झालेले. भाऊंनी विचारलं, “तब्येत कशी आहे?” ताई म्हणाल्या, “जेवलास का?” भाऊ म्हणाले, “हो. तू एकटी कशी राहतेस आता, भावजी गेल्यावर?” ताई हसून म्हणाल्या, “जेवलास का?”

त्यांना काही ऐकूच येत नव्हतं. किती दिवसांपासून, कुणास ठाऊक. आम्ही पैसे वाचवत बसलो आणि तेवढ्यात त्यांचे कान गेले. यात चूक कुणाची म्हणायची? भाऊ त्या दिवशी डबा तसाच घेऊन घरी गेले. दुसऱ्या सकाळपासून पुन्हा एक रिंग. उशाशी ठेवलेला फोन थरथरला की ताईंना कळतं, आणि त्या उलटी रिंग देतात.

आता तुम्ही म्हणाल, सत्कारमूर्ती मघापासून हाराकडे न बघता खिशाकडे का बघतायत? सांगू नका म्हणाले होते, पण सांगते. परवापासून ताईंची रिंग आलेली नाही. त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या माणसाला निरोप दिलाय. तो कामावरून सुटला की वर जाऊन बघणार आहे. मी म्हटलं, भाऊ, समारंभ पुढे ढकलू. तर म्हणाले, “माझ्यामुळे पाहुण्यांचा खोळंबा नको. आणि घरी बसून तरी मी काय करणार आहे?” खरंच, काय करणार? आपण तरी काय करणार?

एक मिनिट, अध्यक्ष महोदय. वाजतोय. भाऊ, बघा.

नाही. वाजतच राहिला, म्हणजे ताईंचा नाही. कुणाचा, भाऊ?

फोन कंपनीचा. नवी योजना आहे म्हणे, महिनाभर परदेशात हवं तेवढं बोला.

असो. भाऊ, तुम्हाला निरोप देताना चांगलं काहीतरी बोलायचं ठरवून आले होते, ते राहूनच गेलं. मला बोलायची संधी दिलीत, आपली ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात काही अधिकउणं निघालं असेल तर पोटात घाला.

आणि एक विनंती. टाळ्या वाजवू नका. ती रिंग एकदाच वाजते.