समोरचा पांढरा बोर्ड

तुमी त्या मंगेशचं लय कौतुक करून राहिले, तं आयका. अमरावतीत माह्यं फ्लेक्सचं दुकान जुनं. थो नंतर समोर आला, अन् त्याच्या बोर्डावर काय, तं पांढऱ्यावर काळं, फक्त 'मंगेश फ्लेक्स'. बाकी सारा बोर्ड रिकामा! मी हासलो. माह्या बोर्डावर सहा रंग, चार तऱ्हेची अक्षरं, अन् वरून माहा फोटो.

एक दिवस अकोल्याचा एक गिऱ्हाईक माह्याच बोर्डाखाली उभा राहून मले विचारते, "भाऊ, इथं फ्लेक्स कुठी बनते?"

म्या वर बोट दाखवलं. त्यानं डोळे बारीक केले. "हे तं मले कोनाच्या वाढदिवसाचं बॅनर वाटलं!" मंग मागं वळला. "थे काय, दिसलं!" अन् गेला मंगेशकडं.

जीव जळला, राजेहो! आठ दिवसात म्याही पांढरा बोर्ड लावला, काळ्या अक्षरात निस्तं दुकानाचं नाव. पण मंगेश म्हणन, 'यानं माही नक्कल केली.' म्हणून खालच्या रिकाम्या जागेत एकच ओळ टाकली: 'समोरच्या दुकानाशी आमचा काहीही संबंध नाही.'

आता थी ओळ इतकी साफ दिसते, की जो येते थो पयले थीच वाचते, अन् मागं वळून मंगेशचं दुकान पाह्यते.