मापाप्रमाणे आहे, साहेब!

...आणि वर तो पार्टवाला मलाच म्हणतो, "मापाप्रमाणे आहे, साहेब!" मापाप्रमाणे! तुम्हाला सांगतो, हा शब्द मी इतक्या वेळा ऐकलाय की आता शिंप्याकडे जायचीसुद्धा भीती वाटते. बसा ना, उभे का? चहा ठेवलाय हिनं. गाडी बघायला आलात, बघा, नक्की बघा, ती कुठे पळून जात नाही... म्हणजे पळते, आता पळते, तेच तर सांगतोय. पण तुम्ही दारातच विचारलंत, "पार्ट ओरिजिनल आहेत का?" आणि दुखऱ्या दातावर बोट ठेवलंत! आता ऐकावंच लागेल.

ओरिजिनल कुठून आणणार? कंपनी बुडाली तेव्हा मी चौथीत होतो! दोन सीटची गाडी, छप्पर नाही, डिकीत एक छत्री मावते, तीही मिटलेली, आणि ही आमच्या बाबांनी भंगारातून उचलून आणलेली. बाबा ओतकामाच्या कारखान्यात पॅटर्नवाले. म्हणजे काय, तर लोखंडाची, अ‍ॅल्युमिनियमची वस्तू ओतायची असली की आधी ती लाकडात कोरून काढायची, ती वाळूत दाबायची, त्या खळग्यात धातू ओतायचा. ते लाकूड कोरणारे आमचे बाबा. साध्या गाडीला एक कार्ब्युरेटर असतो, पण कंपनीनं शर्यतीच्या मोजक्या गाड्यांना दोन बसवले होते, आणि त्या दोघांना इंजिनाशी जोडणारा जो हातभर लांबीचा भाग, मॅनिफोल्ड, तो बाबांनी कुणाकडून तरी एका दिवसासाठी उसना आणला, बघितला, मापला, परत दिला आणि स्वतः तसाच बनवला. म्हणजे आमच्याकडे ओरिजिनल होतं तेच मुळात डुप्लिकेट! पण आवाज? अहो, गल्लीच्या तोंडाशी गाडी आली की आई आत चहाचं आधण ठेवायची. कधी चुकलं नाही.

आई गेली. मग मॅनिफोल्डला तडा गेला. मिस्त्री म्हणाला, "याला तीनदा डाग दिलाय, आता धातूच राहिला नाही, डाग द्यायचा कशाला?" बाबा म्हणाले, "मी नवा करतो." लाकूड आणलं, पेन्सिलीला टोक केलं... आणि त्याच आठवड्यात झटका आला. उजवा हात गेला, पाय थोडा राहिला, वाचा गेली. सगळी नाही, एक शब्द राहिला. कुठला? "नाही."

एवढ्या मोठ्या भाषेतून एकच उरायचा तर निदान "हो" तरी उरावा! पण नाही. नाहीच. "बाबा, चहा?" नाही. ठेवला की घटाघटा पितात. "बाबा, पंखा लावू?" नाही. नाही लावला की डोळे वटारतात. वाचेचे डॉक्टर म्हणाले, त्यांच्या मनात वेगळं असतं, तोंडातून मात्र तेवढंच निघतं, चेहरा वाचायला शिका. आता चेहरा वाचायला वेळ कुणाला आहे? आमच्या हिनं सोपा नियम काढला : बाबांचं नाही म्हणजे हो! आणि तुम्हाला सांगतो, जेवणखाण, अंघोळ, औषध, दहापैकी नऊ वेळा नियम बरोबर निघायचा. दहाव्या वेळेचं कोण बघतो? आम्ही नाही बघितलं.

मोठे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हृदय थकलंय. वर्ष काढतील, कदाचित नाही." मी घरी आलो तर बाबा गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून त्या बंद गाडीकडे बघत बसलेले. रोजच बसायचे. म्हटलं, एकदा, फक्त एकदा ही गाडी त्याच आवाजात सुरू करायची, त्यांना शेजारी बसवायचं आणि मोठ्या रस्त्यानं एक फेरी मारायची. मागितलं काय मी? एक फेरी!

लागलो शोधायला. जुन्या गाड्यांच्या शर्यतीच्या पार्टची नक्कल करणारे लोक असतात, आणि त्यांच्यात एक गुण असतो, नाही कुणी म्हणत नाही. सगळे "होऊन जाईल!" एकानं फोटो मागवले आणि नाहीसा झाला, दुसऱ्यानं दुसऱ्याच गाडीचा पार्ट पाठवून "थोडं घासलं की बसेल" म्हणून सांगितलं, आणि तिसरा हा, आपला मधाळ. आवाज असा की ऐकताना मधुमेह व्हावा. "साहेब, सॅम्पल पाठवा, हुबेहूब करून देतो." सॅम्पल पाठवणार कसं? तडा गेलेला मॅनिफोल्ड बाबांनी डाव्या हातानं मांडीवर ओढून घेतला, "नाही!" इथे आमच्या हिनं सांगितलं की हे नाही म्हणजे नाहीच. नियम तिचा, अपवादही तिचेच! मग मधाळ म्हणाला, "बरं, मापं पाठवा. तुम्ही द्याल त्या मापाप्रमाणे!"

आता मापं. मॅनिफोल्डची, आणि सोबत गंजलेल्या एक्झॉस्टच्या पाइपचीही. भोकं मोजायला मिस्त्रीनं त्याचा व्हर्नियर दिला, पण तो वीतभर, आणि मॅनिफोल्ड हातभर. मग लांब मापांसाठी काय? मी बाबांच्या अवजारांच्या पेटीतून त्यांची पट्टी काढली. पोलादी, दोन फूट लांब, एका कडेला काहीतरी कोरलेलं पण झिजून झिजून गेलेलं. लहानपणी तिला हात लावला म्हणून मी मार खाल्लाय! एकदा चोरून भूमितीच्या पेपरला नेली होती, दहा सेंटिमीटरची रेघ काढली, तर बाईंनी गुण कापले, म्हणे एक मिलिमीटर जास्त आहे. मी काय म्हटलं मनात? बाईंची पट्टी चुकीची! आमच्या बाबांची पट्टी चुकेल? पॅटर्नवाल्याची?

तर मी ती पट्टी लावली आणि खुर्चीतून बाबा, "नाही." मी म्हटलं, हो बाबा, नीट लावतो. "नाही! नाही!" अहो, डाव्या हातानं खुर्ची बडवायला लागले. मी माप वाचलं, दोन टोकांच्या बोल्टमध्ये तीनशे पंच्याऐंशी मिलिमीटर, आणि मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "बरोबर आहे ना बाबा, तीनशे पंच्याऐंशी?" तर एवढ्या जोरात "नाहीऽऽ!" की पाण्याचा तांब्या कलंडला. आणि ही स्वयंपाकघरातून काय म्हणाली? "ऐकलंत ना? हो म्हणतायत! किती आनंद झालाय बघा त्यांना!"

आनंद! डोळ्यांत पाणी होतं हो माणसाच्या. मला वाटलं, आनंदाचं.

दोन महिन्यांनी खोकं आलं. मॅनिफोल्ड काय चकचकीत! एक्झॉस्टचा पाइप तर आरशासारखा. मिस्त्री आला, मॅनिफोल्ड इंजिनाला लावला, एका टोकाचा बोल्ट बसला, दुसऱ्या टोकाला गेला आणि थांबला. डोकं खाजवलं. "भोकं बरोबर आहेत साहेब, पण चुकीच्या जागी आहेत." म्हणजे काय? "पाच मिलिमीटर अलीकडे." एक्झॉस्ट लावला, तो मागच्या क्लॅम्पपर्यंत पोचेना, दोन बोटं आखूड! मी पट्टी आणली, नवा मॅनिफोल्ड मोजला. तीनशे ऐंशी! लगेच फोन. "अहो, तीनशे पंच्याऐंशी सांगितलं होतं, तुम्ही तीनशे ऐंशी दिलंत!" तो, "नाही साहेब, इथे मोजूनच खोक्यात भरलंय, तीनशे पंच्याऐंशी, मापाप्रमाणे आहे साहेब!" मी पट्टी लावून फोटो पाठवला. त्यानं, पाठवण्याआधी काढलेला, त्याच्या पट्टीचा फोटो पाठवला. दोन्ही फोटोंत एकच वस्तू आणि दोन मापं! मी त्याला लबाड म्हटलं. तो मधाळच राहिला, हा जास्त संताप! मिस्त्री बिचारा म्हणाला, "साहेब, वाद कशाला, पुढच्या वेळी पाच मिलिमीटर वाढवून सांगा, बसून जाईल." मी ताडकन उठलो! वाढवून? मी पॅटर्नवाल्याचा मुलगा, खोटं माप सांगू? आमच्या घरात माप चुकत नाही!

वाढवून सांगितलं असतं ना, तर बसलं असतं. तिथेच बसलं असतं.

पण मी ताठ. परत मोजलं, परत "नाही! नाही!", परत हिचं "हो म्हणतायत", परत तीनशे पंच्याऐंशी, आणखी दोन महिने, परत खोकं, परत पाच मिलिमीटर अलीकडे. ये रे माझ्या मागल्या! बाबा आता खुर्ची बडवतसुद्धा नव्हते. बारीक आवाजात "नाही" म्हणायचे आणि मान फिरवायचे. मी म्हणायचो, थकलेत.

मग एके दुपारी भट्टीकाका आले. बाबांच्या कारखान्यात भट्टीवर होते, ऐंशी उलटलेले, एक कान गेलेला. बाबांचा हात हातात घेऊन बसले. बाबांनी डोळ्यांनी माझ्याकडे खूण केली, मग पट्टीकडे, आणि म्हणाले, "नाही." काकांनी पट्टी उचलली, मॅनिफोल्डकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "या पट्टीनं मोजलंस?" हो. "या?" अहो हो! आणि ते जे हसायला लागले ते खोकला लागून जीव घाबरा होईपर्यंत! मग डोळे पुसत म्हणाले, "अरे गाढवा, ही आकसाची पट्टी! धातू ओतला की निवताना आकसतो, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करायचा, म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच मोठी असते. हिचा सेंटिमीटर सगळ्यांच्या सेंटिमीटरपेक्षा मोठा! हिनं लाकूड मापायचं, तयार वस्तू नाही. तीनशे नव्वदची वस्तू ही तीनशे पंच्याऐंशीच दाखवणार. तुझा बाप तुला सांगत नाही होय?"

सांगत नाही? चार महिने सांगतोय! उरलेल्या एकुलत्या एका शब्दात, खुर्ची बडवून, तांब्या कलंडवून सांगतोय, आणि आम्ही त्याला हो, हो म्हणतोय! मी बाबांकडे बघितलं. बाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. फार थकून बघत होते, भूमितीचा पेपर दाखवला तेव्हा बघितलं होतं तसं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

तिसऱ्यांदा फोन केला. तीनशे नव्वद, आणि एक्झॉस्टचंही नवं माप. मधाळ म्हणाला, "दीड महिना लागेल साहेब, पण..." मापाप्रमाणे, हो, माहीत आहे.

त्या आठवड्यात बाबांना दम लागायला लागला. म्हटलं, दीड महिन्याचं काही खरं नाही. मिस्त्री आणि मी, दोघांनी उचलून त्यांना बंद गाडीत बसवलं, चालवायच्या जागेवर. डावा हात स्टिअरिंगवर ठेवला. मी शेजारी बसलो. आता काय करायचं? इंजिनाला मॅनिफोल्ड नाही, गाडी गॅरेजात, समोर भिंत. मग... हसू नका... मी तोंडानं आवाज काढला. बावन्न वर्षांचा घोडा मी, "ढुर्रर्र!" बाबा म्हणाले, "नाही." मी जरा जाड आवाज काढला. "नाही." आणखी खालून, पोटातून. "नाही." घसा खरवडून अगदी खर्जात काढला, मध्ये दोन कार्ब्युरेटरचा तो घोट घेतल्यासारखा आवाज असतो ना, तोही घातला... आणि बाबा काही बोलले नाहीत. डोळे मिटून घेतले. स्टिअरिंगवरची बोटं हलत होती. मी दम टिकला तोवर चालवली गाडी. मोठ्या रस्त्याला लागलो, वळण घेतलं, परत गल्लीत आलो. बऱ्याच वेळानं विचारलं, "बाबा, उतरायचं?"

"नाही."

या वेळी मी हिला अर्थ विचारायला गेलो नाही. बसलो.

बाबा गेले आणि पंधराव्या दिवशी खोकं आलं. बैल गेला नि झोपा केला म्हणतात, तो आमचाच झोपा. मिस्त्रीनं मॅनिफोल्ड लावला, एक बोल्ट, दुसरा बोल्ट, टक्क! एक्झॉस्ट, टक्क! चावी फिरवली आणि तोच आवाज, हो, अगदी तोच. मी एकटाच मोठ्या रस्त्यानं फेरी मारून आलो. गल्लीच्या तोंडाशी वळलो आणि कान देऊन ऐकत होतो. घरातून कुणी "नाही" म्हटलं नाही. नाही म्हणायला कुणी उरलंच नाही हो.

तर पार्टचं असं आहे. डुप्लिकेटचे डुप्लिकेट, पण मापाप्रमाणे. आता तुम्ही जाहिरात बघून आलात, तर त्या जाहिरातीचंही सांगतो. गॅरेजात नुसती उभी राहून सडेल, मी रोज तिथे जाऊन बसतो, जेवायला हाका माराव्या लागतात, म्हणून हिनं मला विचारलं, "गाडी विकून टाकू या का?" मी स्पष्ट म्हटलं, "नाही." दुसऱ्या दिवशी जाहिरात छापून आली! मी ओरडलो, अगं, मी नाही म्हटलं होतं ना! तर म्हणते, "हो, ऐकलं की."

काय म्हणता? चावी? चावी देऊ का म्हणता?

नाही!

...ऐका. ऐकू आलं ना आतून? "अहो पाहुणे, हो म्हणतायत ते! खिळ्याला लावलीय, घ्या!"

घ्या मग. आधी चहा घ्या.