गंगीचं माप

चहा निवतोय, तेवढ्यात सांगतो. शिकाऊ विमानं रोज सकाळी ऐन धारेच्या वेळी आमच्या गावावर घिरट्या घालायची. आमची म्हैस गंगी बिचकून पान्हा चोरायची. पारडूसुद्धा अर्धपोटी राहायचं, ते मला बघवत नव्हतं.

ग्रामपंचायतीत विमानतळाचे साहेब आले. सगळे त्यांच्यावर ओरडले. साहेब म्हणाले, “यंत्राने मोजलंय. आवाज मर्यादेत आहे.”

मी हळूच म्हणालो, “साहेब, आमचं यंत्र गोठ्यात शे. उद्या सकाळी चहाला या.”

माणूस सरळ, आला. मी धारेला बसलो. दोन धारा निघाल्या आणि डोक्यावरून विमान गेलं. गंगीने बादली लाथाडली. आमच्या मंडळींनी साहेबांपुढे कोरा चहा ठेवला. पाहुण्याला कोरा चहा द्यायची पहिलीच वेळ, बिचारीची मान वर होईना.

“दूध नही शे, साहेब,” ती पुटपुटली.

साहेबांनी कप रिकामा केला.

आठवड्याभरात विमानांची वेळ पुढे गेली. आता धारा आटोपल्यावरच येतात. परवा साहेब पुन्हा आले. “आबा, यंत्र काय म्हणतंय?”

मी फेसाने भरलेली बादली त्यांच्यापुढे ठेवली.

आतून मंडळी म्हणाली, “आज कोरा मांगा, तरी भेटाव नही.”