कळी आली आणि मॅडम निघाल्या

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या संस्थेचे संचालक साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या मॅडम, पहिल्या रांगेतले त्यांचे यजमान, सहकारी मित्रमैत्रिणींनो आणि खुर्च्या न मिळाल्यामुळे मागे उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांनो,

विभागप्रमुख या नात्याने मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. माझे दोन शब्द किती लांबतात हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे, तेव्हा नीट टेकून बसा.

मॅडमच्या विद्वत्तेबद्दल आधीचे वक्ते बोललेच. मी त्यांच्या झाडाबद्दल बोलतो. तरुणपणी त्या अभ्यासदौऱ्यावर दूरच्या उष्ण प्रदेशातल्या उंच डोंगरांत गेल्या होत्या. तिथे कड्याखाली पडलेलं एक गुबगुबीत पान त्यांनी उचललं, पर्समध्ये टाकलं आणि विसरल्या. घरी आल्यावर यजमानांनी किल्लीसाठी पर्समध्ये हात घातला.

"अगं, तुझ्या पर्समध्ये काहीतरी उगवलंय!"

"हात काढा आधी! मूळ मोडेल."

त्या पानातून वाढला तो आमचा 'हट्टी'. जाड, पाणीदार पानं एकात एक रचून केलेला जणू हिरवा गुलाब. ही पानं दिवसा आपली बारीक छिद्रं मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात, म्हणजे साठवलेलं पाणी उन्हात उडून जात नाही. वर पांढुरक्या मेणाचा थर, डोंगरावरच्या कडक उन्हाला अडवणारा. एका तपासणीत आपल्या संचालक साहेबांनी तो धूळ समजून स्वतःच्या रुमालाने पुसून काढला. पुसलेल्या पानावर तो थर पुन्हा येत नाही. मॅडम एवढंच म्हणाल्या, "साहेब, रुमाल छान आहे तुमचा." साहेब हसताहेत, म्हणजे माझी नोकरी शाबूत आहे.

मॅडमचं म्हणणं, ही जात अगदी वेगळी, आजवर कुणी न नोंदवलेली. त्यावर जाणकारांचं उत्तर दर वेळी एकच: फूल दाखवा. आणि तेही ताजं. असलं मांसल फूल दाबून वाळवलं की त्याचा आकार राहत नाही, मग मोजणार काय? इकडे हट्टी फुलायला तयार नाही. त्याचंही चुकत नव्हतं म्हणा. हे झाड जन्मात एकदाच फुलतं आणि फुललं की संपतं. अशा कामाची घाई कोण करील?

"याला रात्रीची थंडी हवी," असं मॅडम सांगत राहिल्या. आम्ही सगळे पदव्यांचे धनी. उष्ण प्रदेशातलं झाड, त्याला कसली थंडी, असं म्हणून आम्ही त्याला काचगृहाच्या सगळ्यात उबदार कोपऱ्यात ठेवलं. त्या प्रदेशात उंच डोंगर आहेत, डोंगरावर दिवसा चटके बसतात आणि रात्री दात वाजतात, हे कुणी ध्यानातच घेतलं नाही.

यंदा काचगृहाचं छप्पर दुरुस्तीला काढलं आणि हट्टी माझ्या केबिनच्या खिडकीत आला. मला उकाडा सोसत नाही आणि घरी जाताना एसी बंद करायचं सुचत नाही. आमच्या कारकूनबाई म्हणतातही, "सर, तुमच्या केबिनमध्ये फायलींना हुडहुडी भरते." आणि गेल्या आठवड्यात हट्टीच्या मधोमध कळ्यांचा दांडा! मी मॅडमना बोलावलं. त्यांनी वाकून एकेक कळी मोजली. मग म्हणाल्या, "एसीला हात लावलात तर बघा."

मंडळी, इथवर सगळं छान. पण कळ्या उमलायला अजून काही आठवडे आहेत आणि मॅडम आज निवृत्त होताहेत. नियमाप्रमाणे प्रयोगशाळेची चावी आज परत करायची. कुंडी घरी न्यावी, तर उकाड्यात कळ्या गळतील. काल त्यांनी सूक्ष्मदर्शक पुसून कपाटात ठेवला आणि मला म्हणाल्या, "फुललं की फोटो पाठवा." मी "हो" म्हणालो. पण फोटोत पाकळी उलगडता येते का? ज्या फुलासाठी एवढी वर्षं घालवली, त्याचा काय फोटो बघायचा?

म्हणून अध्यक्षमहोदय, एक विनंती आहे. खासगीत केली असती तर आपण "बघू" म्हणाला असता, म्हणून इथेच करतो. हट्टीची फुलं संपेपर्यंत मॅडमना माझी केबिन, सूक्ष्मदर्शक आणि चावी वापरू द्यावी. साहेब, मान हलवलीत का? मला नीट दिसली नाही. मागच्यांनो, तुम्हाला दिसली?

दिसली म्हणतात, साहेब!

"आणि तुम्ही कुठे बसणार?" असं मॅडम विचारताहेत. बाहेर, कारकूनबाईंच्या शेजारी. खुर्ची सकाळीच हलवली आहे. तुम्ही फक्त विभागाची ही भेट उघडा. हो, स्वेटरच आहे. हसू नका मंडळी, आत एसी सोळावर आहे आणि मॅडमना उद्यापासून तिथे बसून काम करायचं आहे.

आपण सर्वांनी एवढा वेळ निमूटपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. आणि मॅडम, उद्या आत गेलात की दार लगेच लोटून घ्या. गारवा बाहेर जातो.