जुनं माप

धाराशिवला चाकाच्या खुर्च्या वाटायचं शिबिर होतं. रांगेत माझ्या पुढं तेरची एक बाई, तिच्या मांडीवर नऊ वर्षांची शिवांजली, आणि शेजारी बेंबळीची आजी. आजीनं त्या बाईला विचारलं,

"पोरीचे पाय असे आखडून का धरलेत? दुखतील की तिला."

"हळू बोला, मावशी. दोन वर्सांमागं खुर्चीसाठी हिचं माप घेतलंय. तवापासनं ही चार बोटं वाढली."

"मग नवं माप द्या."

"माप बदललं की नाव यादीत पार खाली जातंय. आत्ताच एका बाईचं तसं झालं."

"पण लहान खुर्चीत बसंल का ही?"

"बसवीन कशी बी. न्हायतर अजून दोन वर्सं शाळा न्हाय."

"व्यायाम घेणाऱ्या ताई येत न्हाईत का आता?"

"त्यांचं केंद्र बंद केलं. वरीसभर खपून त्यांनीच हे पाय सरळ केले होते."

"अन् तुमी आखडायला लावता."

"काय करू, मावशी?"

आतून शिवांजलीचं नाव पुकारलं.

"चल, शिवा. पाय वर घे."

"आई, म्या कालपासनं भाकर खाल्ली न्हाय. झाले असंन का गं थोडी बुटकी?"