शेजाराची चौकशी

संतराम : थांब, थांब. फोन मागं घे. त्या कोपऱ्यात काय दिसलं मला?

प्रतिक्षा : कुठल्या कोपऱ्यात, दादा?

संतराम : खिडकीच्या वर. चीर हाय ती.

प्रतिक्षा : चीर नाही, कोळ्याचं जाळं आहे.

संतराम : म्हंजे घर बंद पडून व्हतं. महेबूबभाई, लिहून घे. खोट नंबर तीन.

महेबूब : मी काय पंचनाम्याला बसलो का इथं? चहाला बोलावलं व्हतं तू मला. प्रतिक्षा बेटी, सलाम. काय म्हणतं आयर्लंड?

प्रतिक्षा : सलाम, चाचा. तुम्ही आहात ते बरं झालं. पाऊण तासापासून दादा मला एकेका भिंतीवर बोटं वाजवून दाखवायला लावताहेत. घर अजून घेतलं पण नाही, नुसतं पाहायला आलेय.

महेबूब : लावणारच, बाप हाय तुझा. सव्वीस वर्षं एका एसटीवर व्हतो आमी. गाडी मी चालवायचो, खड्डे हा मोजायचा.

संतराम : मोजले म्हून तर वाचले प्रवासी. बरं, दार कोणत्या दिशेला हाय?

प्रतिक्षा : दादा, इथं सूर्यच आठवड्यातून एकदा येतो. तोही पत्ता विचारत. दिशा कशी सांगू?

संतराम : फोनमधी असते दिशा. पाह्य.

प्रतिक्षा : ...दक्षिण.

संतराम : झालं! दक्षिणमुखी. खोट नंबर चार, अन् ही एकटीच चारावर भारी हाय.

महेबूब : संतराम, आपण आत्ता बसलोय त्या दाराचं तोंड कुठं हाय?

संतराम : ते वडिलार्जित हाय. वडिलार्जित घराला दिशा नसते. पोरी, दारापुढं बसायला ओटा कुठाय?

प्रतिक्षा : ओटा नाही. गवत आहे.

संतराम : गवतावर जनावर बसतं. माणसानं कुठं बसावं?

प्रतिक्षा : इथं माणसं बाहेर बसत नाहीत, दादा. आत बसतात आणि बाहेर पाऊस बघतात.

संतराम : अन् ही पलीकडची खिडकी कुणाची?

प्रतिक्षा : शेजाऱ्यांची. दोन घरं जोडून आहेत. मधली भिंत एकच.

संतराम : सामायिक? ऐकलं का महेबूबभाई? पोरगी सामायिक भिंत घेऊन राहिली. अगं, आपल्या गावात, हट्ट्यात, एका हातभर सामायिक बांधापायी दोन भाऊ एकमेकाच्या मयताला गेले न्हाईत!

महेबूब : गेले कसे न्हाईत? धाकटा गेला व्हता. थोरला खरंच गेला का ते पाहायला.

प्रतिक्षा : चाचा, तुम्ही तरी सांगा यांना. मला दुपारी दोनला दवाखान्यात ड्यूटीवर हजर व्हायचंय. तुमच्या जावयाची, रुद्रची तर दुधाच्या कारखान्यात सकाळपाळी. शिवूला बारा वाजता शाळेतून आणायचंय. आणि आई कुठंय? तिला घर दाखवायचं होतं.

संतराम : तुझी आय औंढ्याला गेली दर्शनाला. ती तुझ्याच पार्टीतली. तिला घर दाखवलं काय अन् गोठा दाखवला काय, 'छान हाय' म्हणणार.

महेबूब : बेटी, तकलीफ समजून घे. हा घर पाहून राहिला न्हाई. हा खोट पाहून राहिला.

संतराम : खोट मी न्हाई पाहायची तर कोण पाहणार? अन् खरी गोष्ट तर राहूनच गेली. घर दगडमातीचं नसतं पाहायचं, शेजार पाहायचा. चौकशी केली का तू?

प्रतिक्षा : कसली चौकशी?

संतराम : म्हंजे? तुझी सोयरीक जमवताना केली तशी! जावयाचं गाव सेनगावपासून दोन कोसांवर. आमी दोघं गेलो. न्हाव्याला विचारलं, गिरणीवाल्याला विचारलं, सेनगावच्या जीपवाल्याला विचारलं.

महेबूब : जीपमधल्या बायांनाबी विचारलं. फकस्त जावयाच्या घरी गेलो न्हाई.

संतराम : घरी गेल्यावर काय समजतं? घरी पोहे मिळतात.

महेबूब : तुला ठाऊक न्हाई बेटी, तुझा बाप या कामात माहीर. कंडक्टर म्हून सगळी खानदानं ओळखीची. तीन तालुक्यांतली माणसं याला स्टँडवर गाठून विचारायची, अमक्याचं पोरगं कसं हाय? हा तिकीट फाडता फाडता म्हणायचा, 'पोरगं चांगलं हाय, पण...' अन् घंटी मारायचा. गाडी निघाली, सोयरीक मोडली.

संतराम : एकबी चुकीची मोडली न्हाई.

महेबूब : व्हय. नरसिंग आडत्याच्या पोराची मोडली, तो आता तहसीलदार हाय.

संतराम : त्याच्या बायकोला विचार सुखी हाय का. पोरी, शेजारी हाय का घरी? बोलाव त्याला.

प्रतिक्षा : दादा, इथं असं कुणाला विचारत नाहीत. वाईट दिसतं.

संतराम : लाखमोलाचं घर घेताना वाईट दिसत न्हाई, अन् शेजार विचारताना दिसतं?

प्रतिक्षा : ...बोलावते. कुंपणापाशीच आहेत, झुडपं कापताहेत. डोनल नाव आहे. दादा, नीट बोला हं. मी इंग्रजीत सांगेन त्यांना.

संतराम : जसं म्हणीन तसंच सांगायचं. मधी आपली साखर घालायची न्हाई.

(मोबाइलवर टोपीतला एक उंच म्हातारा हात हलवतो. इकडे ओट्यावर दोघंही नकळत उठून उभे राहतात आणि नमस्कार करतात.)

संतराम : विचार, गल्लीत भांडखोर कोण हाय?

प्रतिक्षा : दादा!

संतराम : विचार.

प्रतिक्षा : ...विचारलं. ते म्हणतात, गल्लीत सगळे भले आहेत. एकटा मीच.

महेबूब : माणूस सच्चा हाय.

संतराम : सच्चा भांडखोर जास्त वाईट. पाणी किती दिवसाआड येतं विचार.

प्रतिक्षा : ते विचारतात, नळाला की वरून?

महेबूब : वा! संतराम, हा तर आपल्या गाडीवर पाहिजे व्हता.

संतराम : तू त्याच्या पार्टीत जाऊ नको. पोरी, विचार, आधीचे लोक हे घर सोडून काहून गेले? शेजाराला कंटाळून का?

प्रतिक्षा : दादा, ते त्यांना विचारायची गरज नाही, मलाच माहिताय. घर यांच्या बहिणीचं होतं. दिवाळीच्या सुमारास त्या वारल्या. भाऊ-बहीण दोघंच होते, भिंतीच्या अलीकडे-पलीकडे. आता घर विकणारेही हेच आहेत.

संतराम : हे आधी सांगायचं न्हाई का! दुःखातल्या माणसाला काय-काय विचारून बसलो मी. नमस्कार सांग त्याला माझा. म्हणावं, वाईट झालं.

प्रतिक्षा : सांगितलं. ते म्हणतात, तुमचं झालं असेल तर मी एक विचारू का?

संतराम : विचार म्हणावं. चौकशी दोन्हीकडून होते.

प्रतिक्षा : ते म्हणतात... हे घर दोघांनी मागितलंय. एक आम्ही, आणि एक याच गावचं जोडपं. त्या जोडप्यातल्या मुलाच्या आजोबालाही हे ओळखतात. आम्हाला ओळखणारं इथं कुणी नाही. तर ते तुम्हाला विचारताहेत, ही माणसं कशी आहेत? शेजारी म्हणून.

महेबूब : घ्या. स्टँडवर गाठलं तुला.

प्रतिक्षा : दादा? आवाज येतोय ना?

संतराम : येऊन राहिला.

प्रतिक्षा : मग बोला ना. तुम्ही म्हणाल तेच सांगेन. साखर नाही घालणार.

संतराम : पोरी, त्याला ऐकू जाऊ न देता एक सांग. दोन वर्षांत परत येते म्हणली व्हतीस तू.

प्रतिक्षा : त्यांना मराठी येत नाही दादा, मोठ्यानं बोला. हो, म्हणाले होते. पाचवं वर्ष लागलं आता.

संतराम : घर घेतलं की मग...

प्रतिक्षा : घर नाही घेतलं तरी आम्ही इथंच आहोत. आत्ता राहतो ते चौथं भाड्याचं घर आहे आमचं. दर घरात मी निम्म्याच पेट्या उघडते, निम्म्या पलंगाखाली तशाच ठेवते. तुम्हाला शब्द दिला होता म्हणून. शिवूला आता वाटतं, पेट्या पलंगाखालीच राहतात. गेल्या महिन्यात शाळेत तिनं घराचं चित्र काढलं. झाडं नाहीत, माणसं नाहीत. चार पेट्या काढल्या.

महेबूब : संतराम. गाडी उभी हाय. मागं लायन लागली.

संतराम : दिसतंय मला. घे, सांग त्याला. म्हणावं, पोरगी माझी हाय म्हून बोलून राहिलो न्हाई. सारी नोकरी, बत्तीस वर्षं तिकिटं फाडली, माणूस पाहिलेला हाय.

प्रतिक्षा : सांगितलं.

संतराम : जावई घोरतो. सामायिक भिंत हाय, त्याला आधीच सांगून ठेव.

प्रतिक्षा : दादा, हे कसं सांगू!

संतराम : चौकशीत लपवायचं नसतं. पोरगी तापट हाय. राग आला की भांडी आपटते. अर्ध्या तासानं तीच भांडी घासते. नात गोड हाय, फकस्त दिवसभर बोलते. फोडणीचा वास येईल, खोकला येईल, त्याला इलाज न्हाई. झालं?

प्रतिक्षा : हसताहेत ते. म्हणतात, बहीण माझी बहिरी होती आणि घोरायचो मी.

महेबूब : अन् आता तुझं ते 'पण' येऊ दे. त्याशिवाय तुझी चौकशी पुरी होत न्हाई.

संतराम : पण-बिन काही न्हाई. माणसं चांगली हायेत. सांग त्याला, चांगली हायेत.

महेबूब : बेटी, सांग ना. रडून काय राहिली? तो बिचारा घाबरला असेल, म्हणेल काय वाईट बोलला बाप.

प्रतिक्षा : सांगितलं, चाचा. सांगितलं. ते म्हणतात, त्या दुसऱ्या मुलाच्या आजोबाला मी विचारलं होतं. तो नुसतं चांगलंच सांगत होता. तुमचं हे बरं वाटलं. संध्याकाळी कळवतो म्हणालेत. पण हात मिळवला त्यांनी, आणि किल्ली कुठं टांगतात ते दाखवलं.

महेबूब : जमलं म्हण की. मुबारक हो!

संतराम : थांब, ठेवू नको. अजून एक सांगायचंय त्याला.

प्रतिक्षा : आता काय राहिलं?

संतराम : म्हणावं, ही पोरगी आजारी पडली तर सांगत न्हाई. तिच्या आयलाबी न्हाई सांगत, मलाबी न्हाई. मागच्या थंडीत आठ दिवस ताप व्हता, अन् आमाला उन्हाळ्यात समजलं. म्हून सकाळी पडदा उघडला न्हाई तर दार वाजवायचं. लाजायचं न्हाई. शेजाऱ्याचा हक्क असतो तेवढा.

प्रतिक्षा : दादा, माझ्याच तोंडानं हे सांगू?

संतराम : दुसरं तोंड कुठून आणू तिथं?

प्रतिक्षा : ...सांगितलं. ते म्हणतात, बहिणीशीही माझं असंच ठरलं होतं. विचारताहेत, ही पडदा किती वाजता उघडते?

संतराम : सहाला. सहाच्या आत उठते ती, लहानपणापासून. न्हाई, थांब, नको सांगू. ते हट्ट्यातलं झालं. पोरी, तिथं किती वाजता उठतीस गं तू?