पूजेला मांडलेला पाना

नाही काका, हरवली वगैरे नाही गाडीची किल्ली, ही काय, खिशातच आहे — पण दोन मिनिटं इथे गॅरेजमध्येच बसा ना. तो खाण्यापिण्याचा कूलर खाली ठेवा आधी. त्या घडीच्या खुर्चीवर बसा, तिला ग्रीस नाही लागलेलं, मी सकाळीच पुसली. बाबा आत तुमच्यासाठी चहा टाकतायत. नकाशा पण छापून ठेवलाय त्यांनी, ॲशव्हिलपर्यंतचा, डोंगरात कुठे कुठे थांबायचं तिथे पेनने गोल केलेत. येतील आत्ता. ते यायच्या आत मला तुम्हाला — म्हणजे, आजच जायला हवं का, काका? पानगळीचे झाडांचे रंग पुढच्या शनिवारीही असतील म्हणतात. हो, मोटेल बुक केलंय, माहितीये मला. मीनाक्षीवहिनींनी सगळं बांधून ठेवलंय, मुलं बूट घालून बसलीत, हो. तुमच्या राजेशदादाच्या गाडीत पाचच मावतात आणि तुम्ही सात, म्हणून तर बाबांनी आमची ही जुनी एसयूव्ही दिली. मला विचारलं नाही कुणी — नाही, तसं नको, तसं म्हटलं तर बाबांवर जातं. विचारलं असतं तरी मी हो म्हणालो असतो. तेच तर.

ब्रेक. पुढच्या उजव्या चाकाचा ब्रेक बरोबर नाहीये. झालं, बोललो एकदाचा — नका उठू, काका, तुम्ही उठलात तर माझं पुढचं राहून जाईल. बरोबर नाहीये म्हणजे लागतो, इथे आपल्या गल्लीत लागेल, ग्रोसरीला जाऊन यायलाही लागेल बहुतेक, पण डोंगरातून तासभर उतार उतरायचा, मागे मुलं, पायाखाली सतत ब्रेक — नाही. मी नाही देणार किल्ली. तुमच्याशी असं कधी बोललो नाही मी. पण नाही देणार.

तुम्ही त्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये ऐकलंत ना बाबा काय म्हणाले? दसऱ्याला, जेवणाच्या रांगेत. "पॅड, डिस्क, सगळं परीक्षितनं घरी केलं, आम्ही गॅरेजवाल्याकडे गेलोच नाही." दहा जण होते. तुम्ही मला सोनेरी कागदाचं पान दिलंत, पाठीवर थाप मारलीत आणि म्हणालात, "मग शनिवारी आम्हालाच दे रे तुझी गाडी." तुझी म्हणालात. आता तुम्हाला काय सांगू — मी शाळा सोडली त्याला दोन वर्षं होतील, तेव्हापासून बाबा चारचौघांत माझं नाव घेत नव्हते. रागावून नाही. ते रागावत नाहीत. कुणी विचारलं, "मोठा काय करतो?" तर म्हणायचे, "आहे, बघतोय काहीतरी," आणि धाकट्या उर्वीच्या मॅथ कॉम्पिटिशनचं सांगायला लागायचे. बरोबरच आहे, सांगणार काय? सोळाव्या वर्षी नागपूरहून इथे आलो, वर्गात तोंड उघडलं की मागे कोणीतरी माझ्यासारखं बोलून दाखवायचं, मग मी तोंड उघडणंच सोडलं, मग जाणंही. आईच्या आणि माझ्या व्हिसावर काम करता येत नाही. मग गाडी. लायब्ररीतून रिपेअरचं पुस्तक आणलं — त्यातली इंग्रजी मला कळते, काका. आधी हे सोडवा, मग हे काढा, मग हे पुसा. कुणी हसत नाही त्यात. ऑइल बदललं, पट्टा बदलला, खिडकीची मोटर बसवली. तोवर सगळं नीट होतं, देवाशप्पथ.

ब्रेक मी खंडेनवमीला काढले. शनिवार होता. डावं चाक पूर्ण झालं, उजव्याचे नवे पॅड बसवले आणि कॅलिपर वर ठेवला — कॅलिपर म्हणजे ब्रेकचा जबडा समजा, पॅडला दाबून धरतो तो. दोन बोल्टवर बसतो, एक वर, एक खाली. ते मी बोटांनी फिरवून लावले, आणि आता टॉर्क रेंच घ्यायचा — तो पाना हो, पुस्तकात लिहिलंय तेवढा जोर पडला की टक् वाजतो, मग समजायचं झालं — तो घ्यायला हात पुढे केला तर आई दारात. हातात टॉवेल. म्हणाली, "परीक्षित, तुझी हत्यारं दे ना पूजेला."

तुमच्याकडेही मांडतात ना, काका? आमच्याकडे दरवर्षी असतं. बाबांचा लॅपटॉप, आईची विळी, उर्वीची कंपासपेटी. आणि मी नमस्काराला उभा राहायचो, माझं काहीच नसायचं पाटावर. गेल्या वर्षी उर्वी म्हणाली, "व्हॉट अबाउट दादा?" आणि आईनं पटकन टीव्हीचा रिमोट आणून ठेवला, माझा म्हणून. सगळे हसले, मीही हसलो. ती चेष्टाच होती, वाईट मनात नव्हतं कुणाच्या. पण या वर्षी आई स्वतः मागायला आली. माझी हत्यारं म्हणाली. आणि पहिला हात तिनं त्याच पान्याला घातला, कारण तोच सगळ्यात चकचकीत होता. मी म्हणायला हवं होतं, आई, पाच मिनिटं थांब. एवढंच. पाच मिनिटंही नाही, दोन बोल्ट, दोनदा टक्. वाटलं, थांब म्हटलं तर ती म्हणेल बरं राहू दे, आणि परत रिमोट येईल. वेड्यासारखं आहे, मला कळतं. "सणाला गाडी जॅकवर नको," म्हणाली, म्हणून तेवढं चाक चढवलं, नट आवळले आणि उरलेलं सगळं धुऊन-पुसून तिला दिलं. हळद-कुंकू, फूल. काय सुंदर दिसत होता तो पाना, काका. आणि एकदा मांडलं की दुसऱ्या दिवशी अक्षता टाकून हलवेपर्यंत हात लावायचा नाही. तर मी ठरवलं, उद्या सकाळी पूजा हलली की चाक परत काढायचं.

आणि सकाळी सगळे आवरून ड्राइव्हवेत. यंदा पाण्याची टंचाई, धुवायला बंदी, म्हणून बाबांनी पहाटे उठून ओल्या फडक्यानं अख्खी गाडी पुसलेली. मला उठवलंही नाही. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, शेवंतीचा हार, आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं — नेमकं उजव्याच. बाबा म्हणाले, "झालं ना रे ब्रेकचं?" मी हो म्हणालो.

नाही, विसरलो नव्हतो. तुम्ही चांगले आहात म्हणून तसं म्हणताय. मला आठवत होतं. त्या क्षणी, हो म्हणताना, मला ते दोन बोल्ट दिसत होते. हॉलपर्यंत चार मैल तर जायचंय, आल्यावर आवळू, असं — असं काही मनाला सांगितलं असेल. पूर्ण कुटुंब बसलं, बाबा चालवायला, मी शेजारी, म्हणजे त्याच चाकावर. जाताना काही नाही. येताना प्रत्येक सिग्नलला खट्. उर्वी म्हणाली, "व्हॉट्स दॅट?" बाबांनी माझ्याकडे बघितलं — आणि कसं, काका, असं विचारायच्या नजरेनं, म्हणजे मला जास्त कळतं आणि त्यांना कमी, असं. असं त्यांनी कधीच बघितलं नव्हतं. मी म्हणालो, "नवे पॅड आहेत बाबा, बसायला वेळ लागतो." आणि गाण्याचा आवाज वाढवला. मी वाढवला. मागे आई होती, उर्वी होती, आणि मी हात पुढे करून आवाज वाढवला.

हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. ब्रेक खराब आहे एवढंच सांगायचं ठरवलं होतं.

सोमवारी चाक काढलं तर खालचा बोल्ट नव्हताच. भोक नुसतं. वरच्यावर सगळं लटकत होतं. मी हॉलपर्यंत चालत गेलो, रस्त्याच्या कडेकडेनं, गवतात बघत. एका बाईनं गाडी थांबवून विचारलं, कुत्रा हरवलाय का. मी हो म्हणालो. बोल्ट काही सापडला नाही. नवा आणून लावला, तो टक् वाजला. वरचा नाही वाजला. मी फिरवतोय, फिरवतोय, आणि तो नुसता गोल फिरतोय — आटेच गेलेत आतले. हा बघा तो, हातात घ्या, इथे कडा कशा सपाट झाल्यात. हे बोल्ट ज्यात बसतात ती पूर्ण ब्रॅकेट बदलावी लागेल, मागवावी लागेल, मला जमेल की नाही ते पण — आता मला जमेल असं मी कशाला म्हणू. सोमवारपासून रोज संध्याकाळी जेवताना ठरवायचो, आज सांगतो. आणि बाबा ऑफिसातल्या कुणाला तरी सांगून आलेले असायचे. "आमच्याकडे ब्रेकचं काम घरीच होतं." मग भात वाढून घ्यायचो. पूर्ण आठवडा, काका. ते रोज दुसऱ्या गाडीने गेले म्हणून, नाहीतर —

काय? तुम्ही? तुम्ही काय सांगाल त्यांना?

नातवाला ताप आलाय. बेत रद्द. हं.

तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलाल, काका? मोटेलचं, मुलांचं — आणि बाबांना कधीच कळणार नाही. ते पुढेही सांगतील सगळ्यांना. मी गुपचूप ब्रॅकेट मागवीन, बसवीन, टक् वाजेपर्यंत... थांबा, थांबा. म्हणजे आज संध्याकाळी गाडी इथेच उभी असेल. आणि बाबा म्हणतील, चला, गाडी मोकळीच आहे, इंडियन स्टोअरला जाऊन येऊ. उर्वी पुढे बसायला भांडेल. आणि मी काय करीन? मला माहितीये मी काय करीन. तेच सांगतोय ना तुम्हाला इतका वेळ, मी परत हो म्हणीन.

नको, काका. तुमचे उपकार आहेत, पण नको. घरी फोन करून खरं तेच सांगा, परीक्षितनं ब्रेक नीट लावले नाहीत म्हणून गाडी नाही. राजेशदादाला भाड्याची व्हॅन मिळते का बघू दे, अजून नऊच वाजलेत. आणि ही घ्या. घ्या ना. हो, किल्लीच. जायला नाही — नुसती धरून ठेवा. बाबांचा चेहरा बघून मी परत मागितली तर देऊ नका. मलाही नको, त्यांनाही नको. शर्टाच्या खिशात टाका, हां, आणि बटण लावा.

दार वाजलं. कपांचा आवाज येतोय. तुम्ही काही बोलू नका हं, काका. काहीही नाही.

बाबा — चहा ठेवा तिथेच, वर्कबेंचवर. नकाशा राहू दे. काका कुठे जात नाहीयेत. तुम्ही आत जाऊन चष्मा घेऊन या आधी, जवळचा. मला तुम्हाला एक बोल्ट दाखवायचाय.